समजावणाऱ्याचा वेळ वाया जात नाही

'हुशार मुलं इतरांना शिकवत बसली तर त्यांचाच अभ्यास मागे पडतो,' असं म्हणतात, पण हे मत मला अजिबात पटत नाही. अकरावी-बारावीत आम्ही चौघं गोव्यात वाळपईहून फोंड्याला कदंबाने, म्हणजे सरकारी बसने, जायचो आणि रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने त्या बसमध्येच शिकलो. प्राथमिक शाळा मराठीतून, पाचवीपासून इंग्रजी. त्यामुळे व्याख्या तोंडपाठ, पण अर्थ निसटलेला. एकमेकांना मराठी-कोकणीत सांगायला लागलो तेव्हा तो हाती आला.

प्रॅक्टिकलला माझे मार्क सर्वांत चांगले. तरी एकदा मैत्रिणीने विचारलं, पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनला (एक द्रावण थेंबथेंब घालून दुसऱ्याचं प्रमाण मोजण्याचा प्रयोग) ऑक्झॅलिक ॲसिड गरम का करायचं आणि मोहर सॉल्ट (लोहाचा एक क्षार) का नाही? मला सांगता येईना. शोधल्यावर कळलं की थंड द्रावणात ऑक्झॅलिकची क्रिया फार मंद चालते, म्हणून 60-70 अंशांपर्यंत तापवायचं. पहिल्या थेंबांचा रंग उडायला वेळ लागतो, मग तयार झालेले मँगनीज आयनच उत्प्रेरकाचं, म्हणजे क्रियेचा वेग वाढवण्याचं, काम करतात. मोहर सॉल्ट तापवलं तर त्यातल्या फेरसचं (लोहाच्या आयनचं) हवेनेच ऑक्सिडेशन होतं. पुढचा हिशोब तिनेच मांडला: परमँगनेटमधलं मँगनीज +7 वरून +2 वर येताना 5 इलेक्ट्रॉन घेतं, ऑक्झॅलेट (ऑक्झॅलिक ॲसिडचा आयन) 2 देतं, म्हणून परमँगनेट आणि ऑक्झॅलेटचं प्रमाण 2 ला 5. तिने विचारलं नसतं तर मी ते प्रमाण नुसतं घोकलं असतं.

प्रॅक्टिकलची वही, म्हणजे जर्नल, उतरवायला मात्र आम्ही कुणालाच देत नव्हतो. शंका हवी तितक्या वेळा विचारा, वही मागू नका, असं ठरलेलंच होतं.