टूलं लावली की ट्रॅकर बाटतो काय?

शहापूरचा_सॅम्पलर

परवा निपाणीअण्णांनी ट्रॅकरवर, म्हणजे सॅम्पल (आवाजाचे तुकडे) रांगांत मांडून गाणं करायच्या प्रोग्रामवर, लिहिलं, "ट्रॅकरात टूलं लावून गाणं करणं म्हणजे मिक्सरात पुरण फिरवून आजीच्या पाट्यावरचं म्हणून वाढणं." खाली अंगठ्यांची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

अण्णा, माझ्या आजीनं पाटा कधीच परसात टाकलाय. पुरणयंत्र आलं तेव्हा गल्लीत पहिलं तिनं घेतलं, कारण वाटायला हात तिचे जायचे. पाट्याचं कौतुक करणारे सगळे पाटावर बसून जेवणारे होते.

मी काय वापरतो ते सांगतो, लपवायचं काय त्यात. एक स्लायसर, जो लांब रेकॉर्डिंगचे ठोक्याठोक्याला तुकडे पाडतो. युक्लिडियन तालाचा जनरेटर, जो दिलेल्या घरांत ठोके होईल तेवढे सारखे वाटतो. आणि मीच लिहिलेली एक पायथन स्क्रिप्ट. ओपनएमपीटी या ट्रॅकरात पॅटर्न (रांगांचं एक पान) कॉपी केला की तो क्लिपबोर्डवर साधा मजकूर म्हणून येतो. स्क्रिप्ट त्या मजकुरात ईडीचे (ठोका काही टिक उशिरा वाजवायच्या आज्ञेचे) आकडे आणि व्हॉल्यूम थोडे मागेपुढे करते, मी परत पेस्ट करतो. बस्स. एवढ्यासाठी मी ढोंगी.

स्पीड ६ (एका रांगेत सहा टिक), टेम्पो १२५ म्हणजे टिक २० मिलिसेकंदांचा, रांग १२० ची. हलगी वाजवणारा माणूस २० च्या पाढ्यात वाजवतो काय? म्हणून मी स्पीड १२, टेम्पो २५० करतो. रांग तेवढीच राहते, टिक १० चा होतो. मग ५६ रांगांच्या पॅटर्नमध्ये चार चॅनेलचे ईडी हातानं भरायचे? रात्री अकराला दुकान बंद करून घरी येतो मी. एकाला लाईट जाते.

गंधाराचंही तेच. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा १४ सेंट (सेमीटोनचे शंभर भाग, त्यातले चौदा) खाली. एक्सएम फाइलीत फाइनट्यूनचं (सूर बारीक लावायचं) एक घर म्हणजे सेमीटोनचा १२८ वा भाग. हिशेब केला तर उणे १८ येतात. हे एकदा कोष्टकात मांडून ठेवलं तर कुठला धर्म बुडाला?

निपाणीचा_एफटी२

बाळा, तुला लागलं म्हणजे मी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं.

१९९८ साली मी कॉम्प्युटर क्लासला होतो. सर जेवायला गेले की डॉसमध्ये फास्टट्रॅकर २ लावायचा, ते ढेकर देत परत यायच्या आत पॅटर्न संपवायचा. गाणं १.४४ एमबीच्या फ्लॉपीत बसवायचं. तंबोऱ्याचा दीड सेकंदाचा तुकडा, त्याला लूप. लूपचं टोक बसलं नाही तर 'टक' आवाज यायचा. तो टक काढायला मी दोन दुपारी घालवल्या, आणि त्या दोन दुपारीत मला तंबोरा म्हणजे काय ते कळलं. तुझा स्लायसर हे दोन सेकंदात करतो. तुला काय कळलं?

आता तुझं गणपतीतलं रूपक तालातलं गाणं काढतो, सगळ्यांसमोर. सात घरांत तीन ठोके जनरेटरला वाटायला दिले की तो २-२-३ देतो. फिरवलं की ३-२-२. दिसायला रूपक, मान्य. पण जनरेटर पहिल्या ठोक्याला व्हॉल्यूम ४० देतो, ट्रॅकरच्या सोळाच्या मोजणीत म्हणजे पूर्ण चौसष्ट. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे रिकाम्या मात्रेवर, असते रे! ती ती ना, धी ना, धी ना. तिथं डग्गा वाजतच नाही, आणि तू तिथंच सगळ्यात मोठा डग्गा आपटलास. देवळात कुणी चपला घालून शिरावं तसं वाटलं मला.

शहापूरचा_सॅम्पलर

ते जनरेटरचं नाही, माझं चुकलं. ठोके कुठं पडणार एवढंच तो सांगतो, जोर कुठं द्यायचा ते मी बघायला हवं होतं. म्हणजे तुमचाच मुद्दा उलटा झाला की, टूल नाही चुकलं.

निपाणीचा_एफटी२

वा. सुरीनं बोट कापलं, सुरी निर्दोष.

टिळकवाडीचा_तानपुरा

ते उणे १८ जरा थांबवा. कुठल्या रागाचा गंधार? दरबारीचा कोमल गंधार एका जागी उभाच राहत नाही, आंदोलन घेतो. त्याला कुठला आकडा लावणार? भूप आणि देशकार, स्वर तेच पाच, पण धैवत लावण्याची तऱ्हा वेगळी. कोष्टकात 'ध' च्या पुढं एकच आकडा असेल तर दोन्ही रागांचं एकच भजं होतं.

तीस वर्षं पेटी शिकवतेय, पेटीच्या मर्यादा मला सांगू नका. याच कारणावरून आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ ला कुठं सैल झाली. मधल्या काळात पेटी काही मेली नाही. वाजवणाऱ्यांनी तिच्या चुकांतून वाट काढली. टूलाचंही तसंच होईल, पण कान आधी आणि कोष्टक नंतर. कुमार गंधर्वांसारखा माणूस सुळेभावीच्या मातीत...

चिकोडी_चिपट्यून

आलं! बेळगावच्या कुठल्याही गाण्याच्या चर्चेत दहा प्रतिसादांच्या आत सुळेभावी येतं. आज पाचव्यातच आलं.

ताई, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं) तरी हिशेबाची गोष्ट आहे. एक्सएममध्ये लिनिअर स्लाइडला ३०२ ही सूर सरकवायची आज्ञा लावली की दर टिकला सेमीटोनचा आठवा भाग सरकतो, आणि पहिल्या टिकला सरकतच नाही. स्पीड ६ ला एका रांगेत सेमीटोनचे दहा सोळांश. सा पासून रे गाठायला चौथी रांग लागते. हे मी कागदावर काढायचो, आता फोनवरचा कॅल्क्युलेटर काढतो. माझं गाणं जेवढं भिकार होतं तेवढंच आहे.

आणि सॅम्पलरा, एवढा ईडीचा खटाटोप कशाला? रेनॉइझ ट्रॅकर घे. डिले कॉलममध्ये एका रांगेचे २५६ भाग मिळतात.

शहापूरचा_सॅम्पलर

पैसे तू देतोस काय?

आज्ज्याची_हलगी

तुमचं टिक आणि टेम्पो चालू द्या. माझा एक साधा प्रश्न हाय.

सॅम्पलर भावा, तू 'सीमाभाग हलगी' म्हणून तुकड्यांची जी झिप टाकलीयस, ती ऐकली. सतराव्या तुकड्यात ठोक्याच्या मागं कोणतरी "ए, सरक बाजूला" म्हणतंय. तो माझा चुलता. हलगी आमच्या आज्ज्याची. खानापूर तालुक्यातली आमच्या गावची मिरवणूक. तू रेकॉर्ड केलंस, की दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओतनं उचललंस?

शहापूरचा_सॅम्पलर

व्हिडिओतून. गावच्याच कुणीतरी टाकलेला होता, सगळ्यांना बघायला खुला. मिरवणुकीत शंभर फोन वर असतात, त्यात चोरी कसली? आणि झिप फुकट दिलीय मी, एक रुपया घेतला नाही.

आज्ज्याची_हलगी

फुकट देणारा तू कोण? तुझी हाय काय?

हलगी वाजवायला आमची माणसं. लग्नात पुढं आमची, मैतात पुढं आमची. पंगतीला मात्र शेवटी. आज्ज्यानं हे सत्तर वर्षं बघितलं. आता कॉम्प्युटर आला तर त्यातबी हलगी आत आणि आज्जा बाहेर. झिपवर तुझं नाव हाय, मोठ्या अक्षरात.

चिकोडी_चिपट्यून

हे जगात आधी झालंय. १९६९ च्या एका रेकॉर्डवरचा सहा-सात सेकंदांचा ड्रम, 'आमेन ब्रेक' म्हणतात त्याला. वाजवणारा ग्रेगरी कोलमन. हजारो गाण्यांत कापून लावला लोकांनी, अमिगा कॉम्प्युटरच्या मॉड्यूलांत, म्हणजे ट्रॅकरच्या गाण्यांच्या फायलींतसुद्धा. कोलमनला त्यातलं काही मिळालं नाही, २००६ साली बेघर अवस्थेत गेला. पुढं २०१५ ला लोकांनी वर्गणी काढून बँडच्या प्रमुखाला चोवीस हजार पौंड दिले, तोवर हा नव्हता.

शहापूरचा_सॅम्पलर

म्हणजे मी आता खुनी. छान.

ट्रॅकरात पहिल्यापासून हेच चालत आलंय. १९८७ ला अमिगावर अल्टिमेट साउंडट्रॅकर आला. मॉड्यूलच्या फाइलीतच सॅम्पल उघडी पडलेली असतात, दुसऱ्याचं मॉड्यूल उघडायचं आणि घ्यायचं. सगळे असंच शिकले. अण्णा, तुमच्या फ्लॉपीतला तो तंबोरा कुठून आणला होता? मिरजेहून तंबोरा मागवून माईक लावला होता काय?

निपाणीचा_एफटी२

कॅसेटवरून.

कुणाच्या ते सांगत नाही. सुरुवातीला गायक खाकरायच्या आधी तंबोरा एकटा वाजतो, तो तुकडा. बरं, मीही चोर. झालं समाधान? पण मी तो तंबोरा 'निपाणी तंबोरा' नावानं वाटत फिरलो नाही.

वडगावकर_६४रांगा

विषय टूलांचा होता. आणि 'हलगी' काय, कानडीत त्याला 'हलगे' म्हणतात, वाद्य दोन्हीकडचं आहे. 'सीमाभाग' हा शब्द झिपला देऊन मुद्दाम...

चिकोडी_चिपट्यून

नको रे बाबा. १९५६ पासून चाललेलं इथं एकशेपंचवीसच्या टेम्पोत मिटणार नाही. पुढं चला.

टिळकवाडीचा_तानपुरा

वडगावकर, वाद्य दोन्हीकडचं असेल, वाजवणारे आजोबा एकाच घरचे आहेत. त्यांचं बोलणं चालू आहे.

आज्ज्याची_हलगी

ताई, आभार.

आता टूलाचंच बोलतो, म्हणजे विषय सोडला म्हणायला नको. भावा, तुझ्या स्लायसरनं सगळे तुकडे एका उंचीला आणलेत. ऐक जरा. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकवावी लागते, कातडं ताणलं की आवाज टणत्कार मारतो. वाजवता वाजवता गार होते, आवाज बसत जातो, परत शेकवायची. त्या व्हिडिओत आज्जा दोनदा जाळाकडं गेलाय. पहिल्या तुकड्यातली हलगी आणि शेवटच्या तुकड्यातली हलगी एक न्हाईच. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती उतरण ऐकू येत होती. तू ती सपाट केलीस, आणि मग 'माणसानं वाजवल्यागत' वाटावं म्हणून स्क्रिप्ट लावून आकडे मागंपुढं केलंस. माणूस आधीच होता की रे आत.

निपाणीचा_एफटी२

हे मला पंचवीस वर्षांत असं मांडता आलं नाही. माझी पुरणाची उपमा मागं घेतो.

शहापूरचा_सॅम्पलर

मागं घेता म्हणजे मी हरलो असं लगेच धरू नका. स्लायसरात आवाज एकसारखे करायची खूण काढता येते. मी काढली नव्हती. पुन्हा तेच, माझं चुकलं, टूलाचं नाही. हे दुसऱ्यांदा म्हणतोय आणि या वेळी जरा कमी पटतंय, हेही खरं.

काल रात्री मूळ व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला. खरंच उतरतो आवाज. बाराव्या मिनिटाला तर हलगी ओल्या पोत्यागत वाजतेय आणि आजोबा तरी थांबत नाहीत, काडीचा वेग वाढवतात. झिप काढून टाकलीय. तुकडे परत पाडले, या वेळी उतरण ठेवून, आणि शेकलेली व गार अशी दोन वेगळी इन्स्ट्रुमेंटं केली. स्क्रिप्ट हलगीच्या चॅनेलवरून काढली. बाकीच्या तीन चॅनेलवर आहे आणि राहणार, अण्णा.

नाव घातलंय. इन्स्ट्रुमेंटच्या नावाला २२ अक्षरं, ती पण रोमनच. आजोबांचं नाव, आडनाव आणि गाव एका ओळीत बसेना. खाली दोन रिकामी इन्स्ट्रुमेंटं घेऊन तिथं लिहिलं.

टिळकवाडीचा_तानपुरा

आणि रूपकाची सम?

शहापूरचा_सॅम्पलर

पहिल्या रांगेतला डग्गा काढला ताई. रिकामं रिकामं वाटतंय.

टिळकवाडीचा_तानपुरा

वाटू दे. पंधरा दिवसांनी सांगा.

आज्ज्याची_हलगी

आज्ज्याला फोनवर गाणं ऐकवलं. हलगी ओळखली, बाकी काय आवडलं न्हाई. नाव लिहिलंय म्हणून सांगितलं तर म्हणाला, "नावाचं काय करू, सुपारी किती ते विचार."

शहापूरचा_सॅम्पलर

रास्त आहे. किती म्हणतायत?

आज्ज्याची_हलगी

मिरवणुकीचा दर सांगितलाय, वेशीपासून देवळापर्यंत एक फेरी. गाण्यात हलगी किती फेऱ्या मारते ते विचारायलाय.

निपाणीचा_एफटी२

मी आत्ताच मॉड्यूल उघडून बघितलं. शेवटच्या रांगेत बी००  लावलंयस रे बाळा. गाणं परत पहिल्यापासून सुरू होतं, संपतच नाही.