‘टाइप-अहेड’ला मराठीत काय म्हणावं?

कुंतल: सॉफ्टवेअरमधल्या यादीत अक्षरं दाबली की त्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नोंदीवर थेट उडी जाते, त्या सोयीचं नाव अडलंय. ‘आगाऊ टंकन’ लिहिलं, तर भाषांतर तपासणाऱ्यांनी कापलं. ‘आगाऊ’ म्हणजे उद्धट, म्हणे. ‘आगाऊ रक्कम’ तर सगळेच म्हणतात.

वेलांटी: कापलं ते बरोबर, कारण चुकीचं. टाइप-अहेड म्हणजे मुळात संगणक कामात गुंतलेला असताना पुढच्या कळा दाबून ठेवणं. १९८१च्या आयबीएम पीसीत अशा १५ कळा साठायच्या. तिथे ‘आगाऊ’ चपखल बसतं. यादीत आगाऊ काहीच नाही, शोध आहे. ‘अक्षरशोध’ म्हणा.

टांकसाळ: ‘टंक’ सोडू नका. टंक म्हणजे छिन्नी. पाथरवटाची टाकी आणि टांकसाळ त्याच घरातले. ‘टंकशोध’ सुटसुटीत आहे.

वेलांटी: व्युत्पत्ती मान्य, पण वापरणारा ‘टाइप कर’ म्हणतो. मग ‘टाइप करून शोधा’ एवढं पुरे.

रफार: नावाआधी ही सोय मराठीत चालते का ते बघा. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकसंध, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. नॉर्मलायझेशननेही, म्हणजे समान रूपं एकसारखी करण्याच्या ठरलेल्या प्रक्रियेनेही, ही रूपं एक होत नाहीत. यादीत एक आणि कळफलकातून दुसरं आलं की ‘ॲडमिन’ सापडतच नाही. ‘ऱ्हस्व’मधल्या ‘ऱ्ह’चंही तेच. तुलनेआधी दोन्ही बाजू आपणच एका साच्यात आणायच्या.

कुंतल: आणि दोन कळांमधली वेळमर्यादा?

रफार: क्यूटी या सॉफ्टवेअर बनवायच्या साधनसंचात ४०० मिलिसेकंद असते, ती अपुरी आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळफलकावर ‘स्थ’ला स, हलन्त, मग शिफ्ट धरून थ. मधे वेळ उलटली की जमलेलं ‘स्’ पुसलं जातं आणि निवड ‘थ’च्या नोंदीवर जाते. एक सेकंद ठेवा, प्रत्येक कळेला मोजणी नव्याने सुरू करा. ‘मम’ दाबल्यावर आधी ‘ममता’ आहे का पाहा. नसेल तरच ‘म’ने सुरू होणाऱ्या पुढच्या नोंदीवर सरका. स्पेसचंही जपा: अक्षरं जमलेली असतील तर ती शोधात घ्या, नाहीतर ‘नवीन फाइल’ शोधताना भलत्याच नोंदीवर खूण लागते.

वेलांटी: पण ‘हलन्त’ कळ नव्हे. हलन्त म्हणजे पाय मोडलेलं अक्षर. चिन्हाचं नाव वेगळं.

टांकसाळ: युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, ते ‘विराम’ आहे.

वेलांटी: स्वल्पविराम, पूर्णविराम असताना तिसरा कशाला? ‘पाय मोडायची कळ’ म्हणा, शाळेपासून सगळ्यांना कळतं.

रफार: बटणावर तीन शब्द मावत नाहीत. ‘हलन्त’च राहू द्या.