साधना २१ दिवसांत 'कम्प्लीट' होते का?

सदाशिव_पेठ_सोडलेली:
काल ओळखीतल्या एका बाईंची पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं भणभणतंय. पहाटे पाचला उठायचं, गार पाण्याने आंघोळ, वहीत दोन पानं लिहायची, साखर बंद, असं २१ दिवस. खाली फोटो, तांब्याचा पेला, वही, खिडकीत तुळस. आणि वर लिहिलंय, 'माझी साधना कम्प्लीट! पुढच्या बॅचला कोण येतंय?'

कम्प्लीट? अहो पापड आहेत का ते, लाटले, वाळवले, डब्यात भरले, झालं? साधना हा आतल्या वाढीचा शब्द आहे. ती कुणाला दिसत नाही, करणाऱ्यालाही धड दिसत नाही. मी आठ वर्षं गाणं शिकले, पहिलं वर्षभर नुसता खर्जातला सा, पहाटे, शेजारचे भिंत ठोकायचे. त्यालाही मी कधी साधना म्हटलं नाही. ज्यांच्याकडे शिकले त्या बाई सत्तरीत होत्या, त्या फक्त म्हणायच्या 'बसते जरा तानपुरा घेऊन'. बस, एवढंच. आपण करतो तो रियाज, म्हणजे गळ्याची हमाली, उर्दूतून आलेला शब्द, त्याला ती खोलीच नाही. साधना वेगळी. तिची बॅच निघते हे ऐकून खरंच कसंतरी झालं.

कडू_कारलं:
बाईंनी साखर सोडली, लवकर उठल्या, कुणाचं काय बिघडलं? तुमची साखर तर नाही ना सोडली. 'संस्कार' शब्दाचे उन्हाळी वर्ग निघाले, 'क्रांती' साबणाच्या जाहिरातीत गेली, तेव्हा कुठे होतात?

आणि आतली वाढ वगैरे कुणी सांगितलं? रोजच्या मराठीत बघा ना. वेळ साधली, डाव साधला, मध्य साधला. संधिसाधू पण त्याच घरातला बरं का. त्याच्या आत काय वाढतं ते आपण दर निवडणुकीला बघतोच.

सदाशिव_पेठ_सोडलेली:
@कडू_कारलं क्रियापद आणि नाम एकच असतं का? मग 'बोलणी खाल्ली' आणि 'भाषण' पण एकच म्हणा. उगाच फाटे फोडू नका.

लातूरचा_पुण्यात:
फाटा नाही ताई, मला तर क्रियापदातच सगळं दिसतंय. आमच्याकडं भाकरी 'येते' म्हणत नाहीत, 'साधते' म्हणतात. मी नोकरीला इकडं एकटा आलो तेव्हा मेसच्या पोळ्यांना कंटाळून ज्वारीचं पीठ आणलं. फोनवर आई सांगायची, ऊन पाण्यात मळ, काठवटीत तळव्यानं रगड, गोळा कोरडा वाटला की हात ओला कर. सगळं करायचो. थापताना कड चिरायची, उचलताना मधून तुटायची, तव्यावर गेली तर पाणी फिरवायला उशीर व्हायचा न वरनं पांढरे भेगाळलेले डाग. पहिले तीन महिने मी भाकरी नाही, भाकरीचे तुकडे खाल्ले. मग हळूहळू कड चिरायची थांबली, पण फुगायची नाही. फुगायला किती लागले सांगू? तीन वर्षं. एक दिवस पापुद्रा सुटला आणि टम्म. मी काय वेगळं केलं ते मला आजही सांगता येत नाही. हाताला कळलं, मला नाही. आता ही आतली वाढ का बाहेरची ते तुम्ही ठरवा.

सदाशिव_पेठ_सोडलेली:
@लातूरचा_पुण्यात हे छान लिहिलंत. पण माझ्याच बाजूने लिहिलंत हे लक्षात आलं का, तीन वर्षं म्हणालात, २१ दिवस नाही.

दुबईत_नाना:
एक मिनिट. 'रियाज म्हणजे हमाली, त्याला खोली नाही' हे कुठून आणलंत? मी बावीस वर्षं इकडे आहे, अरबी वाचता येते. इथे खेळाला, व्यायामाला 'रियाजा' म्हणतात (आमचे उच्चार सोडून द्या, तो ज घशातून काढतात), पेपरच्या खेळाच्या पानावर रोज तोच शब्द. मुळात शिंगराला लगाम घालून वळण लावायचं, त्याचा धातू. आणि सूफी लोक हाच शब्द कशाला वापरायचे माहितीये? उपास, जागरण, एकांत, मन ताब्यात आणायचं म्हणून जे काही करतात त्याला. म्हणजे तुम्ही जिला साधना म्हणता तीच. उस्ताद लोकांनी रियाज म्हटलं ते काही गळ्याचा जिम म्हणून नाही.

शुद्धमराठी_१:
झालं, आले अरबी घेऊन. मराठीतल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ तिकडेच दाखवायचं. साधना आपला शब्द आहे, हजारो वर्षांचा, त्याची तुलना घोड्याच्या लगामाशी?

दुबईत_नाना:
@शुद्धमराठी_१ इंद्रियांना घोडे म्हणणारे आपलेच उपनिषदवाले हो. कठोपनिषद. लगाम म्हणजे मन, सारथी म्हणजे बुद्धी. वाचा एकदा, मग चिडा.

तांबडी_माती:
हे अरबी-मराठी भांडण लावूच नका, आमच्या कोल्हापुरात येऊन बघा. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम, आता तालीम शब्द कुठला? शिकवणे या अर्थाचा अरबीच. पण त्या मातीत हळद, तेल, ताक पडतं आणि हनुमानाला नारळ फुटतो. नाटकवाले पण 'तालीम' म्हणतात. ह्याच गावात शाहू महाराजांनी कुस्त्यांचं खासबाग मैदान बांधलं आणि ह्याच गावात गवई अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात ठेवलं. माझे चुलते पैलवान होते, ते साधना पण म्हणायचे नाहीत, रियाज पण नाही. 'मेहनत' म्हणायचे. पहाटे तीनला उठून जोर मारायचे, मोजायला समोर एक पोरगं खडे घेऊन बसायचं. ते पोरगं मी. मला झोप लागली की खडा चुकायचा, की चुलते परत पहिल्यापासून. एकदा हजारातल्या सातशेवर चुकलो होतो. शिवी नाही, काही नाही, परत एक.

शुद्धमराठी_१:
मेहनतही अरबीच. चालू द्या. मग साधना शब्द टाकूनच देऊ की कोशातून.

तांबडी_माती:
टाका की. चुलत्यांचं काही अडलं नव्हतं.

सदाशिव_पेठ_सोडलेली:
धागा रियाजावर नव्हता!! ठीक आहे, नाना, रियाजाबद्दल मी चुकीचं बोलले, मागे घेते. आता तरी मूळ मुद्द्यावर या.

दुबईत_नाना:
मागे घेतलं? इथे? स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

पोथी_आणि_पिशवी:
मूळ मुद्द्यावर येतो. 'हजारो वर्षांचा साधना शब्द' म्हणताय त्यात एक गंमत आहे. योगसूत्रांचा दुसरा पाद 'साधनपाद', वेदान्तात 'साधनचतुष्टय', तुकोबांचं 'नामसंकीर्तन साधन पैं सोपें'. सगळीकडे साधन. म्हणजे उपाय, अवजार. आज आपण 'शैक्षणिक साधने' म्हणतो तेच. साधना शब्द जुन्यात नाही असं नव्हे, पण वारकऱ्याच्या तोंडी तरी साधन जास्त.

आणि आतल्या वाढीचं म्हणाल तर तुकोबांचाच अभंग आहे, 'साधनें तरी हींच दोन्ही । जरी कोणी साधील'. कुठली दोन? परद्रव्य आणि परनारी, यांचा विटाळ धरा. संपलं. म्हणजे दुसऱ्याच्या पैशाला आणि दुसऱ्याच्या बायकोला हात लावू नका. यात पहाट नाही, गार पाणी नाही, आत बघणं पण नाही. दुसऱ्या अभंगात 'साधुनी बचनाग खाती तोळा तोळा' म्हणतात, बचनागासारखं विष सवय करून करून पचवतात. शेवट 'कारण अभ्यास तुका म्हणे'. तर लातूरकरांची भाकरी तुकोबांच्या जास्त जवळ आहे, तुमच्या बाईंच्या तानपुऱ्यापेक्षा. राग मानू नका.

सदाशिव_पेठ_सोडलेली:
राग नाही. पण 'सवय करून करून' हे वाचलंत ना स्वतःच? त्यात बॅच कुठे बसते ते सांगा.

कडू_कारलं:
रोज सकाळी थोडं थोडं गार पाणी. तोळा तोळा.

नाव_नको:
मी सहसा लिहीत नाही. पण 'साधना कुणाला दिसत नाही' हे वाचून राहवलं नाही. आम्हाला दिसायची. वडील रोज पहाटे चार ते सात देवघरात, दार बंद. आम्ही भावंडं चवड्यांवर चालायचो. आईने कुकर लावला तर शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची, मग सात वाजता परत पहिल्यापासून. भाऊ तापाने फणफणला तेव्हा तिने दार वाजवलं नाही, बाहेर पायरीवर त्याला मांडीत घेऊन बसली, सात वाजायची वाट बघत. वडील बाहेर आले, चेहरा शांत, म्हणाले 'आधी सांगायचं नाही का'. गावात त्यांना मोठे साधक म्हणायचे. आई गेली तेव्हा तिच्याबद्दल लोक म्हणाले, फार सोसलं हो बाईंनी. तिच्या सोसण्याला कुणी साधना म्हटलं नाही. ज्या शब्दाचं तुम्ही एवढं जपताय त्याच्याबद्दल मला काही प्रेम नाही. बॅच निघाली तर निघू दे. निदान ती २१ दिवसांत संपते.

शुद्धमराठी_१:
एका माणसाच्या वागण्यावरून शब्दाला दोष देणं बरोबर नाही. हा घरगुती प्रश्न झाला.

लातूरचा_पुण्यात:
@शुद्धमराठी_१ गप बसा हो जरा.

चष्मा_कपाळावर:
वरचं वाचून लिहू का नको असं झालं होतं. पण बंद दाराचा विषय निघालाच आहे म्हणून. सानेगुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं ते विठोबाचं दार दलितांना उघडावं म्हणून, आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला साप्ताहिक काढलं त्याचं नाव 'साधना'. आमच्याकडे ते घरी यायचं. मला लहानपणी साधना म्हणजे ते साप्ताहिकच वाटायचं, आतलं वगैरे नाही. दार उघडायला लावणारी पण साधनाच की.

बाकी आमच्या मावशीला विचाराल तर साधना म्हणजे केस. कपाळावर कापलेले, त्या नटीसारखे. आजोबांनी आठ दिवस अबोला धरला होता.

कडू_कारलं:
मावशींची साधना कम्प्लीट!

सदाशिव_पेठ_सोडलेली:
@नाव_नको तुमचं दोनदा वाचलं. 'दिसत नाही' हे माझं वाक्य आता मलाच टोचतंय. आमच्या बाई 'बसते जरा' म्हणायच्या तेव्हा त्यांची सून स्वयंपाकघरात असायची, हे मला आज पहिल्यांदा आठवलं. चहा तीच आणून द्यायची. तिचं नाव मला माहीत नाही, आठ वर्षं गेले त्या घरात.

बाकीच्यांना: 'साधना' वापरा, कशालाही वापरा. 'कम्प्लीट' मात्र मी मान्य करणार नाही. तिथे मी हलत नाही.

दुबईत_नाना:
कम्प्लीट अरबी नाही, त्याबद्दल मला धरू नका.

कडू_कारलं:
मी पण मान्य करतो, कम्प्लीट जरा जास्त झालं. 'लेव्हल वन' म्हणायला हवं होतं त्यांनी.

तांबडी_माती:
@लातूरचा_पुण्यात तीन वर्षं म्हणजे लई झाली राव. आमच्या वहिनीला आठ दिवसात जमली होती.

लातूरचा_पुण्यात:
फुगली का?

तांबडी_माती:
विचारून सांगतो.

तांबडी_माती:
नाही म्हणाल्या. आणि कुणी विचारायला सांगितलं म्हणून विचारतायत.