बार्शी लाइटची जुनी वाघीण: सँडब्लास्ट करून पत्रा वेल्ड करावा का?

रूळवेडा
आमच्या संस्थेच्या आवारात अडीच फुटी गेजची (७६२ मिमी) एक बंद वाघीण (मालडबा) उभी आहे. दोन बोगी (चार-चार चाकांचे गाडे), आठ चाकं, दाबीव पोलादी अंडरफ्रेम (डब्याखालचा सांगाडा). मापं घेतली तर २५ फूट बाय ७ फूट भरतात, म्हणजे कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभारलेल्या बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या ठरीव अंडरफ्रेमशी जुळतात. छताला दोन ठिकाणी भोकं, तळाच्या फळ्या कुजलेल्या, बाजूच्या पत्र्याची खालची पाच-सहा इंचांची पट्टी चाळणीसारखी. ठेकेदार म्हणतो, सँडब्लास्ट करू, ३ मिमी पत्रा वेल्ड करू, रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल मारू, तीन आठवड्यांत काम. वाघीण चालवायची नाही, फक्त जपायची आहे. पावसाळ्याआधी उरकायचंय. ॲक्सल बॉक्स (चाकांच्या आसाच्या टोकांवरच्या तेलाच्या पेट्या) उघडावेत का? आणि एम १६ चा (१६ मिमी मेट्रिक) नट जुन्या बोल्टवर दोन आटे जाऊन अडकतो, हे काय प्रकरण आहे?

जुना पाना
आधी नटाचं. अडकलेला नट जोर लावून फिरवू नका. तुमचे बोल्ट बहुतेक व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे आहेत. ५/८ इंचाचा बोल्ट म्हणजे १५.८८ मिमी, इंचाला ११ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. एम १६ ची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २ मिमी आणि कोन ६०. सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं, मग दोन्हीकडचे आटे खातात. पिच गेज लावून बघा. ५/८ ला ११, ३/४ ला १० आणि १/२ ला १२ आले की खात्री झाली. नवे नट पारंपरिक आट्यांचेच करून घ्या. डाय-टॅप जुन्या बाजारात अजून मिळतात.

सँडब्लास्टला माझा ठाम विरोध. बाजूचा पत्रा पातळ आहे. जास्त दाबाने एका जागी मारत राहिलात तर पत्रा फुगतो आणि तो फुगा परत बसत नाही. शिवाय वाळूची धूळ म्हणजे सिलिकोसिसला निमंत्रण. मारायचंच असेल तर फक्त अंडरफ्रेमच्या जाड भागावर, गार्नेट खनिजाच्या कणांनी, कमी दाबाने, तिरपा कोन धरून.

गेरू
त्याआधी रंग वाचून घ्या! ही पायरी चुकली की परत मिळत नाही. रात्री टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. नव्या रंगाखाली दबलेली अक्षरं उठावाने दिसतात: क्रमांक, रिकामं वजन, ओव्हरहॉलची तारीख. पारदर्शक प्लास्टिकवर मार्करने उतरवा, मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मग एका निवांत कोपऱ्यात ओल्या पॉलिश पेपरने (४०० नंतर ८००) रुपयाएवढा भाग उतरत्या कडा ठेवून घासा. झाडाच्या खोडाच्या वर्तुळांसारखे रंगाचे थर दिसतील. बहुतेकदा सगळ्यात खालचा थर नारिंगी-लाल शेंदरी असतो. तो खरोखरच शेंदूर, म्हणजे शिशाचा रंग. त्यावर कोरडं घासकाम नको. ओलं ठेवून खरवडायचं, खाली ताडपत्री अंथरायची, पी१०० (बारीक धूळ अडवणारा) मास्क लावायचा आणि हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही.

रिव्हेट
क्रम असा धरा: छत, पाण्याचा निचरा, मग पत्रा, रंग सगळ्यात शेवटी. छत गळतंय तोवर खाली केलेलं काम फुकट जातं.

छताच्या भोकांवर सिलिकॉन थापू नका, त्यावर रंग धरत नाही. ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि ठिगळ, कडेला बोल्ट.

आता अंडरफ्रेम. दाबीव पोलादाचे चॅनल आतून पन्हाळीसारखे असतात. फळ्यांचा भुगा आणि माती तिथे बसते, ओल धरते, आणि गंज आतून बाहेर येतो. सोलबारच्या (अंडरफ्रेमच्या लांब बाजूच्या तुळईच्या) आतली माती लाकडी पट्टीने आणि ब्रशने काढा. मूळ निचऱ्याची भोकं बुजलेली असतील ती मोकळी करा, नवी पाडू नका. दोन पत्र्यांमध्ये गंज फुगून फट उघडली असेल तर ती ठोकून मिटत नाही. लोखंडापेक्षा गंजाला कितीतरी जास्त जागा लागते, तोच रिव्हेटवर ताण देतो. तिथले रिव्हेट काढा, फट साफ करा, परत बसवा.

गरम रिव्हेटसाठी: १६ मिमीच्या रिव्हेटला भोक १७.५. लांबी म्हणजे जोडाची जाडी अधिक व्यासाच्या दीडपट, म्हणजे २० मिमी जोडाला ४४ मिमी. नारिंगी-पिवळा झाला की ठोकायचा. लाली उतरल्यावर ठोकत राहिलात तर डोकं बसतं, पण रिव्हेट ठिसूळ होतो.

जुना पाना
वेल्डिंगबद्दल थोडं वेगळं म्हणतो. ठेकेदाराची सगळी वेल्डिंग टाकाऊ नाही. पण जुन्या पोलादात फॉस्फरस-गंधक जास्त असू शकतं, मग वेल्ड थंड होताना तडकतं. पत्र्याची खालची पट्टी बदलणार असाल तर कापलेल्या तुकड्यावर आधी चाचणी वेल्ड करा आणि वाकवून बघा. ७०१८ वेल्डिंग काडी, ३.१५ मिमी, भट्टीत वाळवलेली. दमट काडीने केलेलं काम दिसायला सुरेख असतं आणि आतून गेलेलं.

रिव्हेट
वाकवून बघायचं हे मान्य. तरी अंडरफ्रेमवर वेल्ड नकोच. तिथे रिव्हेट, नाही जमलं तर गोल डोक्याचे बोल्ट. ते पुढच्याला काढता तरी येतात.

वेस्ट-पॅकिंग
ॲक्सल बॉक्स उघडाच. प्रदर्शनातली वाघीणही पाणी साठवते. पुढचं झाकण काढा, तळाचं पाणी सिरिंजने ओढा, काळं झालेलं वेस्ट (तेल धरणारा सुताचा गुंता) काढून टाका.

ब्रास (आसावर टेकणारा बेअरिंगचा तुकडा) बघायचा तर चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, बॉक्सखाली छोटा जॅक, १०-१२ मिमी उचल. चाक सोबत वर येत नाही ना ते बघा. वेज (ब्रासवरची पाचर) आणि ब्रास बॉक्सच्या तोंडातून बाहेर येतात. जर्नलवर (आसाच्या ब्रासखाली फिरणाऱ्या टोकावर) गंजाचे डाग असतील तर तेल लावून अगदी बारीक पेपर, खरबरीत एमरी नाही.

बॉडी उचलायची तर जॅक सोलबारच्या मध्यावर कधीच नको, पत्रा मुडपतो. टोकाला, हेडस्टॉकच्या (टोकाच्या आडव्या तुळईच्या) आधाराजवळ लावा आणि सोबत आधाराला स्लीपर चढवत जा. ही लाइन प्रत्येक ॲक्सलवर ५ टन धरून आखलेली, म्हणजे भरलेली वाघीण २० टन. रिकामीच्या एका टोकाला १० टनी दोन जॅक भरपूर झाले.

नवं वेस्ट तेलात रात्रभर भिजवून निथळा. जर्नलच्या मध्यरेषेच्या खालीच भरा. वर गेलं तर चाक फिरताना धागा ब्रासखाली ओढला जातो, गाड्यांना हॉट ॲक्सल (आस तापणं) व्हायचं हे एक जुनं कारण.

रूळवेडा
खूप आभार. पावसाळ्याआधी सगळं होणार नाही असं दिसतंय. मग आत्ता काय उरकू?

गेरू
छत, निचरा, आणि अक्षरांची नोंद. उघड्या लोखंडावर झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत आणि पत्रा दवबिंदूपेक्षा ३ अंश गरम असेल तेव्हाच, म्हणजे साधारण सकाळी दहानंतर. चाकांखाली काँक्रीट असेल तर रुळाच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहून जाईल असा उतार काढा. कुजलेल्या फळ्या आत्ता काढा, नव्या दिवाळीनंतर. एक जुनी फळी मात्र जपून ठेवा, जाडी आणि खाचेचं माप तिच्यावरूनच घ्यायचंय.