विषय: चिखलदरा – स्वयंपाक कशावर? गुरुवारपर्यंत उत्तर द्या

प्रेषक: सचिव

मंडळी,

चिखलदऱ्याच्या कॅम्पसाठी तंबूंचं झालं, गाड्यांचं झालं, बडनेऱ्याला कोण कोणाला घ्यायला येणार तेही ठरलं (तो वाद कृपया पुन्हा उकरू नका). राहिलं एकच. १४ आणि १५ डिसेंबर, दोन रात्री, १९ माणसं, त्यात ५ पोरं, आणि स्वयंपाक कशावर होणार हे कुणीच सांगत नाही. रविवारच्या कॉलवर "होईल काहीतरी" असं ठरलं. याला ठरणं म्हणत नाहीत.

नेहमीचे कॅम्पिंगचे स्टोव्ह अमेरिकेहून तिकडे नेऊन उपयोग नाही. त्यांचे गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतही नाहीत आणि खालच्या सामानातही नाहीत. गेल्या खेपेला कुणाचा डबा डेन्व्हरच्या विमानतळावर काढून घेतला ते सगळ्यांना माहीत आहे.

परतवाड्याचे बंडूभाऊ गुरुवारी बाजाराला जाणार आहेत. जे लागेल ते तेव्हाच आणतील. लवकर बोला.

प्रेषक: राजू (खजिनदार)

तो डबा माझा होता, लपवण्यासारखं काही नाही. आणि तो रिकामा होता.

उपाय सोपा आहे. टेबलावर ठेवायची छोटी शेगडी आणि लांबट ब्यूटेनचे डबे नागपुरात विकत घ्यायचे. मोठ्या आचेवर एक डबा तास-दीड तास जातो. ५ जेवणं, चार-पाच वेळा चहा, म्हणजे २० डबे धरा. हिशेबाचा तक्ता उद्या टाकतो. वर्गणीत बसतं.

प्रेषक: मंदाताई

राजू, तक्ता टाकू नकोस.

जेवणाचं खातं गेली ११ वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून बोलते. १९ माणसांची तुरीची डाळ त्या खेळण्यातल्या शेगडीवर शिजत नाही. थंडीत ब्यूटेनची आच आधीच मरते. पहाटेच्या चहाला तो डबा काखेत धरून गरम करत कोण बसणार?

कोलोरॅडोतल्या ग्लेशियर बेसिनच्या कॅम्पचं विसरलात का? उंची ८,५०० फूट. तिथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, म्हणून मी मुद्दाम कुकर नेला होता. कुकर होता, रिंग होती, शिट्टी नव्हती. ती कोणाच्या बॅगेत द्यायची ठरली होती ते मी इथे लिहीत नाही. नळीतून वाफ फुसफुस जात राहिली. शेवटी पातेल्यात डाळ टाकून, झाकणावर दगड ठेवून साडेतीन तास बसलो. बोटाने दाबला की दाणा टुणकन उडायचा. पोरांनी चिवडा खाल्ला आणि झोपली.

चिखलदरा त्या मानाने काहीच नाही, १,११८ मीटर. पाणी ९६ अंशांना उकळेल, डाळीला जरा जास्त वेळ, इतकंच. पण आच हवी. माझं मत तीन दगडांची चूल. लाकूडफाटा तिथे मिळेलच.

प्रेषक: बंडूभाऊ (परतवाडा)

रामराम मंडळी. मेल उशिरा पाह्यला. दोन दिवस लाइन नोती. कपाशीचा वेचा सुरू हाय, वेचाले बाया भेटत नाईत, त्यात हे तुमचं.

मंदाताई, रागाऊ नका, पन चुलीचं नाव काढू नका. वावर मोथा गावाच्या बाजूचं हाय, माह्या सोयऱ्याचं. धुऱ्याले, म्हनजे बांधाले, लागूनच जंगल हाय. डिसेंबरात तिथलं गवत वाळून कडकड वाजते. सांजीले पठारावर वारा सुटला का ठिनगी कुठं जाईन त्याचा नेम नाई. राखीव जंगलात बिनपरवानगी इस्तो पेटवनं गुन्हा हाय, १९२७ चा कायदा हाय तो. वावर आपलं हाय म्हनून सुटका नाई, धुरा वलांडाले ठिनगीले सातबारा लागत नाई. अन् लाकूडफाटा "तिथं मिळेल" म्हन्ता, तो जंगलातूनच येईन ना? तो त लाडक्या जावयालेबी आनू देत नाईत.

दुसरं, तुमच्या तंबूखाली मी सोयाबीनचं कुटार (वाळला भुसा) पसरतो. त्यानं खालचा गारवा लागत नाई. आता कुटारावर तंबू अन् दहा हातांवर चूल, असं कसं जमन?

माह्या घरचा भरलेला सिलिंडर हाय, १४.२ किलोचा. लग्नातली दोन तोंडाची भट्टी साळ्याकडून घेतो. तीन बाजूनं टिनाचे पत्रे उभे करू, वाऱ्यानं आच पयनार नाई. खालची जागा आदल्या दिवशी खराटा मारून, पानी शिंपडून ठेवतो. दोन टिप पानी बाजूले. कुकर बी माह्याकडं हाय.

प्रेषक: पुसदचे काका

स्वयंपाकाचं तुम्ही बघा. मला एवढंच सांगा की १५ तारखेला सकाळी गाविलगडावर जायचं नक्की ना? १५ डिसेंबर १८०३ लाच इंग्रज सेनापती वेलस्लीने तो किल्ला घेतला, आणि दोनच दिवसांनी नागपूरच्या भोसल्यांचा इंग्रजांशी देवगावचा तह झाला. तारीख मी मुद्दाम सुचवली होती आणि कार्यकारिणीने ती "शाळांच्या सुट्टीमुळे" ठरल्याचं इतिवृत्तात लिहिलं. दुरुस्ती करावी.

शार्दूल दरवाजावरचं गंडभेरुंड (दोन डोक्यांचा पक्षी) पोरांना दाखवायचंच आहे. चालायचे बूट आणा, चपला नको. चिखलदऱ्याचं नाव कीचकावरून पडलं, भीमाने त्याला दरीत फेकला, ही गोष्ट मी भीमकुंडापाशी सांगेन. दुसऱ्या कुणी आधी सांगू नये.

प्रेषक: आर्वीची सून

काका, सांगा तुम्हीच.

पण मला कळत नाही, विदर्भात जायचं, दोन रात्री शेतात राहायचं आणि गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे नाहीत? जावयापुढे गॅसवरची पोळी ठेवायला मी एवढ्या लांबचा प्रवास करते आहे का? गोवऱ्यांचा विस्तव जमिनीत खड्डा करून घातला तर ठिणगी उडत नाही. माझे सासरे दर वर्षी करतात.

प्रेषक: राजू (खजिनदार)

शिट्टीबद्दल. ती माझ्या बॅगेत द्यायची ठरली होती हे खरं. पण दिली कुणी? मी दोनदा विचारलं होतं. ती धुऊन खिडकीत वाळत ठेवलेली होती, आणि ती खिडकी माझ्या घरची नव्हती. एवढंच सांगून मी हा विषय संपवतो.

प्रेषक: मंदाताई

संपला कसला? खिडकीत ठेवली हे तुला दिसलं होतं, मग उचलता आली नाही?

बंडूभाऊ, गॅसचं तुमचं पटलं. चूल मागे घेते. ठिणगीचं डोक्यात आलं नाही. अमेरिकेत कॅम्पग्राउंडवर लोखंडी कडं केलेलं असतं, त्यातच शेकोटी करायची, त्याची सवय झाली. पण भाजी कोणती करायची ते मी सांगेन, ते साळ्यावर सोडू नका.

आणि जेवणाचं सामान रात्री कुठे ठेवायचं? तिकडे अस्वलांमुळे बऱ्याच ठिकाणी लोखंडी पेटी असते. टूथपेस्टसुद्धा तिच्यात. मेळघाटात अस्वलं आहेत ना?

प्रेषक: बंडूभाऊ (परतवाडा)

हायेत. पन अस्वल मार्च-एप्रिलात मोहाच्या मांगं असते. तुमचं दुश्मन येगळं हाय. वानर. दिवसाढवळ्या येतीन, पिशवीची चेन वढतीन, अन् तुमच्याच समोर बसून बिस्किटाचा पुडा फोडतीन. मांगच्या साली एका पाहुन्याच्या तंबूतून सकाळी सकाळी एका वानरानं पाव नेला अन् झाडावर जाऊन खाल्ला, वरून कागद पाहुन्याच्याच डोक्यावर टाकला. सामान सगळं गाडीत, काच बंद. तंबूत खायाचं एक बी नाई, पोरांच्या खिशातलं चॉकलेट बी नाई.

आर्वीच्या वहिनी, तुमचे सासरे खड्डा करतात थे त्याहिच्या आंगनात. वर वावरात नाई. पन रोडग्याशिवाय तुमाले पाठवनं मले बी पटत नाई. १४ ले सकाळी तुमी बडनेऱ्याहून निघसान, त माह्या घरी जेवाले थांबाच. आंगनात गोवऱ्या हाय, रोडगे तिथंच भाजू, वांग्याची भाजी तिथंच. उरलेले टोपल्यात धोतराच्या फडक्यात बांधून वर नेऊ, रातच्याले तुपासंगं चालतीन. वर फक्त भात, वरन, चहा. म्हनजे इस्त्याचा प्रश्नच नाई.

पुसदच्या काकाले सांगा, किल्ल्यावर सकाळी आठाच्या आत निंघू. उतरताना ऊन लागते.

प्रेषक: सचिव

ठरलं. रोडगे खाली, वरण-भात वर, बंडूभाऊंचा सिलिंडर. ब्यूटेनचे डबे घ्यायचे नाहीत. राजू, तक्ता नको. काका, इतिवृत्ताचं पुढच्या सभेत.

रोडग्याला कणीक कोण भिजवणार?

प्रेषक: राजू (खजिनदार)

फोटो जोडला आहे. शिट्टी. माझ्या हातातल्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, आजच ठेवली. आता कुणी काही बोलायचं नाही.

प्रेषक: मंदाताई

ही ५ लिटरची आहे. कोणत्या कुकरची उचललीस?

प्रेषक: बंडूभाऊ (परतवाडा)

भाऊ, राहू द्या ते. आपल्या कुकरले त्याची सोताची शिटी हाय.