मदत हवी आहे: १ मेगाहर्ट्झ ट्रान्सड्यूसर ट्रान्सफॉर्मरने चालवताना शेपटी फार लांबते

पाण्यातलं अंतर मोजण्यासाठी १ मेगाहर्ट्झची पिझो चकती (विजेवर कंप पावून ध्वनी सोडणारा ट्रान्सड्यूसर) चालवतोय. तिची कपॅसिटन्स साधारण १ नॅनोफॅरड. १२ व्होल्टचा एच-ब्रिज (व्होल्टेजची दिशा उलटसुलट करणारं स्विचिंग सर्किट), पुढे फेराइट टोरॉइडवर (कडीच्या आकाराच्या कोरवर) १:८ ट्रान्सफॉर्मर. ८ सायकलचा बर्स्ट (छोटा झटका), सेकंदाला १०० वेळा. म्हणजे सरासरी पॉवर किरकोळ आहे, कोर तापत नाही.

आधी १० आणि ८० वेढे घेतले. प्रायमरी शॉर्ट करून सेकंडरीकडून लीकेज इंडक्टन्स (प्रायमरी-सेकंडरीत न जुळलेल्या चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा) मोजला तर १०० मायक्रोहेन्री! १ नॅनोफॅरडबरोबर त्याचा रेझोनन्स ५०० किलोहर्ट्झच्या आसपास येतो, त्यामुळे चकती जोडली की जेमतेम ८० व्होल्ट पीक-टू-पीक. न जोडता १९० दिसतात.

मग वेढे ४ आणि ३२ केले. लीकेज १८ मायक्रोहेन्रीवर आला, रेझोनन्स १.२ मेगाहर्ट्झ. व्होल्टेज भरपूर मिळतं, पण बर्स्ट संपल्यावरही रिंगिंग (उरलेली कंपनं, म्हणजेच शेपटी) चालूच राहतं आणि जवळचा प्रतिध्वनी त्यात बुडतो. ऐकण्यासाठीही हीच चकती वापरतोय, म्हणून मला नेमकं हेच परवडत नाही. सेकंडरीला समांतर १ किलोओहम लावून पाहिला. शेपटी आखडली, पण व्होल्टेजही बरंच पडलं.

१२ व्होल्ट आणि एकच चकती, हे बदलता येणार नाही. १५० व्होल्ट पीक-टू-पीक पुरेत.

चकतीची कपॅसिटन्स १ मेगाहर्ट्झला रद्द करायला सुमारे २५ मायक्रोहेन्री समांतर लागतो. तो वेगळा इंडक्टर म्हणून लावावा, की कोरला गॅप (फट) देऊन सेकंडरीचाच इंडक्टन्स तेवढा करावा? आणि डॅम्पिंगचा रेझिस्टर प्रायमरीकडे ठेवला तर फरक पडेल का?