पोस्टग्रेस डेटाबेस मॅनेज्ड (पुरवठादाराने सांभाळलेला) घ्यावा की व्हीएमवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) स्वतः चालवावा?

विदागार
पाच-सहा डेव्हलपरांची टीम, डेटाबेससाठी वेगळा माणूस नाही, अशा ठिकाणी व्हीएम भाड्याने घेऊन त्यावर पोस्टग्रेस बसवणं मला अजिबात पटत नाही. आयएएएसमध्ये (अशा नुसत्या भाड्याच्या क्लाउड सेवेत) मशीन, डिस्क आणि नेटवर्क मिळतं. पॅच, रेप्लिकेशन (डेटाची चालती प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणं), बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएससारख्या मॅनेज्ड सेवेत ही कामं पुरवठादार करतो.

३१ जानेवारी २०१७ ला कोड साठवणाऱ्या गिटलॅबचं काय झालं ते पाहा. अ‍ॅझूरच्या (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या) व्हीएमवर स्वतः चालवलेला डेटाबेस. रेप्लिका (प्रत ठेवणारा सर्व्हर) दुरुस्त करताना चुकून प्रायमरीचीच (मुख्य सर्व्हरचीच) डेटा डिरेक्टरी उडाली. रोजचा डंप (डेटाबेसची फाइलमधली प्रत) शोधायला गेले तर बकेट (क्लाउडवरची साठवण) रिकामं! डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि पीजी-डंप (डंप घेणारा प्रोग्राम) ९.२ चा, त्यामुळे डंप होतच नव्हता. तसं कळवणारे ईमेलही डीमार्क तपासणीत (ईमेल खऱ्या पत्त्यावरून आलाय का, या) नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी कुणीतरी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) होता म्हणून निभावलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. ती माणसं कच्ची नव्हती. पाच जणांच्या टीमने त्यांच्याहून काटेकोर राहावं ही अपेक्षा कशी धरायची?

रात्रपाळी
असहमत. गिटलॅबमध्ये बॅकअप कधी रिस्टोअर करून पाहिला जात नव्हता, दुखणं तिथे होतं. पीजीबॅकरेस्ट (पोस्टग्रेसचं बॅकअप साधन) लावा, आर्काइव्ह टाइमआउट (बदलांच्या नोंदी बॅकअपला पाठवायची कमाल वेळ) ६० सेकंद, बकेट दुसऱ्या रिजनमध्ये (क्लाउडच्या दुसऱ्या भौगोलिक विभागात) आणि दुसऱ्या अकाउंटवर. आठवड्यातून एकदा क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या साधनाने) कोऱ्या व्हीएमवर रिस्टोअर करा आणि मोठ्या टेबलांतली शेवटची नोंद किती वाजताची आहे ते तपासा. अलर्ट 'बॅकअप फसला' यावर ठेवू नका, '२४ तासांत यशस्वी बॅकअपची खबर आली नाही' यावर ठेवा. फसलेला जॉब मेल पाठवेलच याचा भरवसा नसतो.

मॅनेज्डचेही काटे सांगा की लोकांना. सुपरयूजर (सर्वाधिकार असलेलं खातं) मिळत नाही, एक्स्टेन्शन (जोड सुविधा) त्यांच्या यादीतलंच. डिस्क वाढवता येते, थेट कमी करता येत नाही. पैसे वाचवायला बंद केलेला टेस्ट इन्स्टन्स (डेटाबेस सर्व्हर) सात दिवसांनी आपोआप सुरू होतो आणि बिलही. जुनी मेजर व्हर्जन मुदतीनंतर ठेवली तर एक्स्टेंडेड सपोर्टचे पैसे, तेही प्रति व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) प्रति तास.

दुवा
लॅम्डा (मागणीनुसार कोड चालवणारी अ‍ॅमेझॉनची सेवा) वापरणाऱ्यांनी वरच्या दोन्ही मतांच्या आधी कनेक्शन मोजावीत. लॅम्डाची मूळ मर्यादा प्रत्येक रिजनमध्ये १,००० समांतर एक्झिक्युशन, पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० कनेक्शन. गर्दी झाली की 'टू मेनी क्लायंट्स' ही एरर ठरलेली, मग डेटाबेस कुणीही चालवो. मध्ये पीजीबाउन्सर किंवा आरडीएस प्रॉक्सी (थोडी कनेक्शन अनेकांत वाटणारे मध्यस्थ) घाला आणि फंक्शनला रिझर्व्ह्ड कन्करन्सीचा (समांतर एक्झिक्युशनच्या ठरावीक मर्यादेचा) लगाम लावा.

विदागार
@रात्रपाळी, तुमची यादी बिनचूक आहे, पण ती राबवणारा माणूस सुट्टीवर गेला की ती कागदावर उरते. आरडीएसमध्ये ३५ दिवसांपर्यंतच्या कुठल्याही क्षणावर मागे जाता येतं, साधारण शेवटची पाच मिनिटं वगळता. हे रोज कुणी सांभाळावं लागत नाही.

दोन गोष्टी मात्र माहीत हव्यात. रिस्टोअर नव्या इन्स्टन्सवर होतो, एंडपॉइंट (जोडणीचा पत्ता) बदलतो, म्हणून कनेक्शन स्ट्रिंग कोडात कोंबू नका. दुसरं, नवा इन्स्टन्स 'अव्हेलेबल' दिसला तरी डेटा एसथ्रीवरून (अ‍ॅमेझॉनच्या फाइल साठवणीतून) मागणीनुसार उतरत असतो. पहिल्या क्वेऱ्या रखडतात. महत्त्वाची टेबलं एकदा पूर्ण वाचून घ्या, मगच ट्रॅफिक सोडा.

नोंदवही
कायद्याची बाजू राहिली. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (कामकाजाच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवायच्या. आरडीएस पोस्टग्रेसवर लॉग मुळात तीन दिवस राहतात, वाढवून सात. म्हणजे 'मॅनेज्ड आहे' म्हणून निवांत बसलेली टीम इथे अडकते. पहिल्याच दिवशी क्लाउडवॉचकडे (अ‍ॅमेझॉनच्या लॉग साठवणाऱ्या सेवेकडे) एक्सपोर्ट सुरू करून मुदत १८० दिवसांच्या वर ठेवा. स्नॅपशॉटची दुसरी प्रत देशातच हवी असेल तर मुंबईला २०२२ पासून हैदराबाद रिजनची जोड आहे.

रात्रपाळी
@नोंदवही, हा मुद्दा मोलाचा. @विदागार, सुट्टीचा मुद्दा मान्य, पण मग बाहेर पडायची वाट आधी आखा. डंप घेऊन मोठा डेटाबेस हलवायचा तर सेवा तासन्‌तास बंद ठेवावी लागते. लॉजिकल रेप्लिकेशनने (सेवा चालू असताना नोंदींतले बदल नव्या सर्व्हरवर नेण्याने) हे टाळता येतं: आरडीएसच्या पॅरामीटर ग्रुपमध्ये (सेटिंग्जच्या संचात) ते चालू करा, रीस्टार्ट द्या, प्रत्येक टेबलला प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) आहे ना बघा, मग पब्लिकेशन-सबस्क्रिप्शन (जुना सर्व्हर बदल पाठवतो, नवा घेतो). टेबलांची रचना ते नेत नाही, ती आधी हाताने बनवायची. सिक्वेन्सचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकांचे) आकडेही नेत नाही. स्विच करण्याआधी प्रत्येक सिक्वेन्स पुढे ढकलला नाही, तर नव्या सर्व्हरवर पहिल्याच इन्सर्टला 'डुप्लिकेट की' (वापरलेलाच क्रमांक पुन्हा) ही एरर.